वाढती कंपनी आणि कर्मचाऱ्यांचे मनोबल

इन्फोसिस ही कंपनी सात अभियंत्यांनी १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केली व १९८३ मध्ये ती बंगळूरला आली. १९९९ च्या मार्चमध्ये तिचे कर्मचारी चार हजारांच्या आत होते. २०१० च्या मार्चमध्ये त्यांची संख्या एक लाख तेरा हजारांवर गेली होती. एवढ्या वाढीत माणसांचे कंपनीशी असलेले नाते पूर्वीसारखे राहणे शक्यच नव्हते.

प्रारंभी या नात्याला दोन आधार होते. वरिष्ठाला हाताखालच्या माणसाचे काम प्रत्यक्ष दिसत असे, हा एक. दुसरा, १९९४ पासून कर्मचाऱ्यांना मिळू लागलेला समभाग घेण्याचा हक्क. २००३ मध्ये समभागांची ही योजना थांबविण्यात आली. त्यानंतर आलेल्या हजारो तरुणांच्या दृष्टीने कंपनीच्या भरभराटीत आपला वाटा म्हणजे वेतन आणि बढती, एवढाच उरला.

नेमका बढतीलाच २००९ च्या सुमारास धक्का बसला. भराभर झालेल्या वाढीत बढत्याही भराभर मिळाल्या होत्या. पद आणि अनुभव यांचा मेळ घालण्यासाठी ‘आयरेस’ नावाची नवी पदरचना लागू झाली. तीत अनेकांना एक पायरी खाली उतरावे लागले. हिशेबाच्या दृष्टीने ही सुधारणा समर्थनीय होती. परंतु पद केवळ कचेरीत वापरावयाचे नसते; ते घरी, नातलगांत, लग्नाच्या बोलणीतही सांगावयाचे असते. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण २००९-१० मध्ये १३.४ टक्के होते, ते पुढील वर्षी १७ टक्क्यांवर गेले. याचा सगळा दोष त्या योजनेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. मंदी ओसरली होती व बंगळूरमध्ये दुसरी नोकरी मिळणे सुलभ झाले होते. मात्र दार उघडे असले म्हणून प्रत्येक जण उठून जातो असेही नाही.

मूल्यमापनाच्या पद्धतीनेही नाराजीत भर घातली. गुणवत्तेच्या घंटाकृती आलेखानुसार थोडे उत्तम, बहुतेक मध्यम व काही निकृष्ट ठरलेच पाहिजेत, असा दंडक होता. मोठ्या समूहाला हा आलेख कदाचित लागू पडेल. सहा जणांच्या तुकडीत सहाही जणांनी चांगले काम केले असले, तरी कोणाला तरी खालची श्रेणी द्यावी लागे, आणि ती का दिली हे त्याला समजावून सांगताना वरिष्ठाची पंचाईत होई. मग सहकारी हाच प्रतिस्पर्धी होतो. २०१५ मध्ये कंपनीने ही सक्ती काढून टाकली. त्याच वर्षी रोजच्या औपचारिक पोशाखाचा नियमही शिथिल झाला. वर्तमानपत्रांत या दुसऱ्या बातमीचेच कौतुक अधिक झाले.