यादीत नाव कुठल्या गावी?

चि. मुक्ता हिस,


परवा तुझा फोन आला तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. तालुक्याच्या युवती आघाडीचं पद घ्यावं की नाही, हा तुझा प्रश्न. 'शिकायला पाठवलंय, राजकारण करायला नाही,' हे दाजींचं म्हणणं. त्यांची काळजी मला कळते, पण राजकारण हे चांगल्या घरातल्या मुलींचं काम नाही, हे मला मुळीच मान्य नाही. तू त्यात पडावंस असंच मला वाटतं. फक्त पदाच्या आधीची एक गोष्ट तुझ्याकडून राहिली आहे. मतदार यादीत अजून तुझं नाव नाही.

अठरा पूर्ण झाली की नाव आपोआप लागतं, असं तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलांना वाटतं. तसं होत नाही, नमुना ६ आपणच भरायचा असतो. पूर्वी त्यासाठी वर्षातली १ जानेवारी ही एकच तारीख धरत. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची १ तारीख धरतात, त्यामुळे थांबायचं कारण उरलेलं नाही.

तुला मात्र आधी एक ठरवावं लागेल. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला नाव घरच्या पत्त्यावर नोंदवता येतं, किंवा कॉलेजच्या दाखल्यावर वसतिगृहाच्या पत्त्यावरही. दोन्हीकडे चालत नाही. मुलं हे ठरवताना मतदानाच्या दिवशी गावी जाणं जमेल का, एवढंच बघतात. तू बाकीचे तीनशे चौसष्ट दिवसही धर.

गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. त्याला कुणी नेमावं लागत नाही, निवडून यावं लागत नाही. गावाचा विकास आराखडा, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, गेल्या वर्षीचा जमाखर्च या सभेपुढे ठेवावा लागतो. वर्षाला किमान चार सभा होतात, बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. आता पुढचं नीट वाच. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि त्या तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट राहत नाही. पंचायतीला पारावर बसून नावं ठेवणारे सगळे त्या दिवशी घरी राहतात, आठ-दहा माणसं सह्या करतात आणि आराखडा मंजूर होतो, तोही अगदी कायद्याला धरून. आपल्याच गावात हे होताना मी पाहिलं आहे आणि त्याचा मला फार त्रास होतो.

उलट गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघ. लहानसं गोंड गाव. तिथे आधी अभ्यासगट बसतो, विषय उलगडून घेतो, मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय होतो. २००९ मध्ये त्या गावाला वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हे त्यांच्या पदरात पडलं ते कायदा कळणारी आणि सभेला न चुकता बसणारी माणसं गावात होती म्हणून.

पुण्यात, वसतिगृहाच्या पत्त्यावर, नाव नोंदवलंस तर तेही गैर नाही. पाणी, बस, रस्ते तू तिथलेच वापरतेस. पण तिथलंही ध्यानात ठेव. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकानेच कारभार पाहिला. एवढ्या मोठ्या शहरात नगरसेवकच नव्हते, आणि त्यासाठी रस्त्यावर उतरलेली मुलं मला फारशी दिसली नाहीत. माझं मत विचारशील तर नाव गावातच ठेव. तुझ्या एका हाताने गावात फरक पडेल.

आता पदाविषयी. तुझा फोटो बॅनरवर लागेल, नेत्याच्या वाढदिवसाला शुभेच्छुकांच्या रांगेत नाव येईल, रॅलीला दहा मुली आणायचं काम येईल. यातून राजकारण शिकता येत नाही. पक्षाचं काम करायचंच असेल तर त्यांच्याकडे पोलिंग एजंटची जागा माग. मी शिक्षक म्हणून बरीच वर्षं केंद्रावर ड्यूटी केली आहे. मतदान सातला सुरू होणार असेल तर साडेपाचला एजंटांसमोर मॉक पोल घ्यायचा असतो. किमान पन्नास मतं टाकायची, निकाल यंत्रातल्या छापील चिठ्ठ्यांशी ताडून बघायचा, मग यंत्र कोरं करून मोहोर लावायची. संध्याकाळी किती मतं पडली याचा हिशेब नमुना १७-क वर लिहून प्रत्येक एजंटाला त्याची प्रत देतात. अनेक एजंट उजाडल्यावर येतात आणि न वाचता सही करतात. यंत्रावर शंका असलेल्या प्रत्येकाने त्या पहाटे तिथे हजर राहायला हवं.

मतदाराच्याही दोन गोष्टी सांगतो. विधानसभा-लोकसभेला बटण दाबल्यावर चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. ती बघितल्याशिवाय हलू नकोस. ग्रामपंचायतीला एका प्रभागात दोन-तीन जागा असतात आणि तितकी मतं द्यायची असतात. नवी मुलं एकच बटण दाबून निघतात, यंत्र अडतं, आणि आम्हाला त्यांना परत बोलवावं लागतं.

'पाकीट घेतलं तरी मत आपल्याच मनाचं द्यायचं,' असं तुझी मैत्रीण म्हणते. तिला सांग, कायद्याने देणारा जेवढा दोषी तेवढाच घेणाराही. शिवाय ज्याचं पाकीट घेतलं त्याला उद्या ग्रामसभेत हिशेब विचारायला तोंड उरत नाही.

मताचा हक्क कसा मिळत गेला तेही सांगतो. १९८९ मध्ये मी एकोणीस वर्षांचा होतो. त्याच वर्षी मार्चमध्ये घटनादुरुस्ती लागू होऊन मताचं वय एकवीसवरून अठरा झालं, म्हणून नोव्हेंबरच्या लोकसभेला मला मत देता आलं. बायकांचा इतिहास याहून कठीण आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, मुख्यतः उत्तरेकडे, सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. तुझ्या आईचं नाव यादीत आहे, तिने एकही मतदान चुकवलेलं नाही. पण ग्रामसभेत ती एकदाही गेलेली नाही.

प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. पदाचं उत्तर पक्षाला महिनाभराने दिलंस तरी चालेल. या आठवड्यात नमुना ६ भर, आणि पुढच्या महिला सभेला सुट्टी काढून गावी ये. येताना आईला बरोबर घे.

तुझा,
मामा