पहिली नोकरी आणि मालकाची पारख

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. 1959 मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर कंत्राटदारही आले. कायम कामगार आणि कंत्राटी मजूर एकाच आवारात राबत. परंतु त्यांच्या वेतनात व सुरक्षिततेत मोठे अंतर असे. तेव्हा पहिली नोकरी पत्करताना ‘काम कोठे?’ यापेक्षा ‘मालक कोण?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने वेतन बुडविल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत नियुक्तिपत्राची तरतूद आहे. असे हक्क सहजासहजी पदरात पडत नाहीत. कंत्राटी मजुरांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईतच हत्या झाली.

म्हणून उमेदवाराने तेथील जुन्या कामगारांकडे चौकशी करावी. जो मालक वेतनाचा आकडा लेखी देत नाही, कोऱ्या कागदावर सही मागतो किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतो, त्याला नकार देणेच श्रेयस्कर. घरच्या गरजेपोटी नकार देणे शक्य नसेल, तर प्रमाणपत्रांच्या केवळ नकला द्याव्यात आणि हजेरीची व मिळालेल्या वेतनाची नोंद स्वतःजवळ ठेवावी. पुढे तक्रार करण्याची वेळ आल्यास तोच त्याचा पुरावा होय.