कांजिण्यांचे वण : चिकित्सेचा काल आणि मर्यादा

शिशिर संपून वसंत सुरू होतो त्या सुमारास मोहने, आंबिवली, शहाड या पट्ट्यातील आपल्या चिकित्सालयांत कांजिण्यांचे रुग्ण येऊ लागतात, हे येथील वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. एन. आर. सी. कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तरी त्याच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या दाट वस्त्या कायम आहेत. एका खोलीत पाचसहा माणसे राहत असता एका मुलास पुरळ उठले की दहा ते एकवीस दिवसांत दुसऱ्यास उठते. घरात दुसऱ्यांदा येणारा रोग बहुधा अधिक पुरळ घेऊन येतो. प्रौढ व्यक्तीस तर तो विशेष त्रासदायक होतो. चेहऱ्यावरील वण घेऊन येणाऱ्यांत लहान मुलापेक्षा थोरली बहीण किंवा आई अधिक दिसते, ती यामुळेच. विवाहयोग्य मुलीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. घरातील सर्वांची घाई वैद्याच्या माथी येते आणि अशा घाईतच अवास्तव आश्वासने दिली जातात.

मराठीतील ‘वण’ हा शब्द ‘व्रण’ या शब्दापासूनच आला आहे. व्रण भरला तरी त्याची खूण देहधारणा असेपर्यंत नाहीशी होत नाही, असे सुश्रुताचार्य सूत्रस्थानात स्पष्ट सांगतात. त्याच आचार्यांनी व्रणाच्या सात उपक्रमांत सातवा उपक्रम ‘वैकृतापह’ हा सांगितला आहे. ही दोन वचने एकत्र वाचली पाहिजेत. विकृती कमी करता येते, खूण समूळ पुसण्याची हमी देता येत नाही. रुग्णास पहिल्याच भेटीत हे सांगावे, असे आमचे मत आहे.

लघुमसूरिकेचा फोड मूलतः त्वचेच्या वरच्या थरातील असतो. तो स्वतःहून सुकला तर फारशी खूण ठेवत नाही. खाजवल्याने, खपली ओढल्याने किंवा पू झाल्याने विकृती खालच्या थरात उतरते व खड्डा पडतो. म्हणून वणाची खरी चिकित्सा पुरळ असतानाच आरंभावी लागते. नखे कापणे, सुती सैल वस्त्र, कोमट पाण्याने हलके स्नान, कंडूसाठी न फुटलेल्या पुरळावर शतधौत घृताचा पातळ लेप एवढे पुष्कळ आहे. देवीचा कोप मानून औषध टाळण्याची चाल काही घरांत अजून आहे. तेथे वाद न घालता कडुलिंबाच्या पाल्याचे स्नान चालू ठेवण्यास सांगावे व नखांकडे लक्ष वेधावे. भोवती लाली वाढून पू झाल्यास, धाप लागल्यास, तसेच गर्भिणी, प्रौढ व दुर्बल रुग्णांस विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. विषाणुविरोधी औषधाचा लाभ पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो. ज्वरासाठी मुलांस अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

खपल्या पडल्यानंतर वण कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. काळसर डाग सर्वांत सुसाध्य. ते काही महिन्यांत आपोआपही फिकट होतात, त्यामुळे सर्व श्रेय लेपास देणे प्रामाणिकपणाचे नव्हे. मंजिष्ठा, यष्टीमधु, चंदन, सारिवा ही चरकोक्त वर्ण्य गणातील द्रव्ये दुधात कालवून लावावीत. उन्हात छत्री किंवा पदर अवश्य घ्यावा, कारण उन्हाने डाग गडद होतो. लिंबाचा रस चोळून उन्हात जाणाऱ्यांची त्वचा भाजून अधिक काळी पडते. पांढऱ्या डागांस वाट पाहावी. कृष्णकर्मातील भल्लातक चेहऱ्यावर वापरू नये, फोड येतात. छाती-खांद्यावरील उंचावलेला वण चोळू नये.

खड्ड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. सुश्रुतोक्त उत्सादन हे कोरड्या, खोल, अल्पमांस अशा व्रणासाठी आहे, म्हणजे व्रण भरून येण्यापूर्वीचे. वर्षभराने पक्क्या झालेल्या खड्ड्यास तेलाने वर आणता येईल, असा अर्थ त्यातून काढणे आम्हांस ग्राह्य वाटत नाही. अशा रुग्णास त्वचारोगतज्ज्ञाकडे धाडावे. खड्ड्याखालील तंतू सुईने सोडवणे, लहान खोल खड्डा काढून टाकणे, लेझर इत्यादी उपाय तेथे होतात. ही शस्त्रकर्मे सुश्रुताच्या परंपरेस परकी नाहीत.

औषधविक्रेत्यांस दोन शब्द. डाग घालवण्यासाठी स्टेरॉइडयुक्त मलम मागणारे ग्राहक रोज येतात. २०१८ पासून अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यांनी त्वचा पातळ होते व मुरुमे उठतात. कुंकुमादि तैलात केशर असते, त्यामुळे फार स्वस्त बाटलीबद्दल शंका घ्यावी. तेलकट त्वचेवर ते रात्री दोन-तीन थेंबच पुरे. जात्यादि तैलात तुत्थ असते, म्हणून डोळ्यांजवळ किंवा तान्ह्या मुलास देऊ नये. शतधौत घृतात पाण्याचा अंश राहतो, ते लवकर खराब होते. लहान डब्या मागवाव्यात, निर्मितीची तारीख पाहावी व आंबूस वास आलेली डबी परत करावी.