दूरध्वनीचा भार कोणीं उचलावा?

इ. स. १८५४ मध्यें हिंदुस्थानच्या टपालखात्यानें पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर ठरविला. पत्र पुण्याहून इंदापुरास जावो कीं कलकत्त्यास जावो, आकार तोच! जवळच्या पत्राच्या उत्पन्नानें दूरच्या पत्राचा भार उचलावा, हें तत्त्व त्यांत होतें. दूरध्वनीच्या बाबतींत मात्र तें इतक्या सहजासहजीं रुजलें नाहीं.

कारण उघड आहे. मनोऱ्याच्या टापूंत पांच हजार माणसें राहोत कीं पन्नास, तो उभारण्याचा खर्च फारसा कमी होत नाहीं. उलट रानांत वाट व वीज नसल्यास वाढतोच. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडे राहणाऱ्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. नफा पाहणारी कंपनी तेथवर आपण होऊन जात नाहीं.

अमेरिकेंत १९८५ सालीं 'लाइफलाइन' नांवाची योजना निघून गरीब कुटुंबांस दूरध्वनीच्या मासिक आकारांत सवलत मिळूं लागली. तरीहि तेथील आदिवासींच्या प्रदेशांत अनेक घरें दूरध्वनीवांचूनच राहिलीं. म्हणून २००० सालीं त्या प्रदेशांतील गरिबांस दरमहा आणखी २५ डॉलरपर्यंत सवलत देण्याचें ठरलें.

आपल्या देशांत १ एप्रिल २००२ पासून याच हेतूनें एक निधि आहे. कंपन्यांच्या उत्पन्नाचा शेंकडा ५ भाग त्यांत घेण्यांत येतो. २०२३ च्या कायद्यानें त्यास 'डिजिटल भारत निधि' असें नांव मिळालें. आरंभीं त्यांतून खेड्यांस सार्वजनिक दूरध्वनि दिले गेले, पुढें मनोऱ्यांस साहाय्य झालें. नोव्हेंबर २०२१ मध्यें पांच राज्यांच्या ४४ मागास जिल्ह्यांतील ७,२८७ गांवांसाठीं अशी एक योजना मंजूर झाली; महाराष्ट्र हें त्या पांचांपैकीं एक होय.

अमेरिकेचा पैसा घरास, आपला मनोऱ्यास, असा हा भेद आहे. आमच्या मतें आपला क्रम चुकीचा नाहीं. गडचिरोलीच्या अरण्यांत मनोराच नसेल, तर सवलत घेऊन कोण कोणाशीं बोलणार? परंतु मनोरा झाला म्हणजे काम संपलें, असेंहि नव्हे.

आपल्या दोन्ही तालुक्यांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला कीं ऊसतोडणीचीं कुटुंबें येऊन कोप्या घालतात. गांवीं म्हातारीं माणसें मागें राहतात. रिचार्ज संपलें कीं कांहीं दिवसांनीं येणारी हांकहि बंद पडते. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनीं किमान भरण्याची ही अट घातली. डिसेंबर २०२४ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें केवळ बोलण्यापुरत्या योजनाहि ठेवाव्या अशी आज्ञा केली, पण दर ठरविणें कंपन्यांच्याच हातीं राहिलें. त्यांतून पुष्कळ योजनांची मुदत २८ दिवसांची! ३६५ ला २८ नें भागून पाहावें. वर्षाचे महिने बारा, पण मजुराचे भरणे तेरा होतात.