बावधन की भूगाव? भाड्यापलीकडचा हिशेब

पुण्याजवळच्या या भागात रविवारी सकाळी घर बघायला जाऊ नये. चांदणी चौकापुढचा पौड रस्ता तेव्हा मोकळा असतो, समोर टेकड्या दिसतात, भूगावच्या मानस तलावाकडे लोक फिरायला निघालेले असतात आणि एजंटही निवांत बोलतो. अशा वेळी भाड्याचा कुठलाही आकडा पटतो. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता जा. त्यातही लग्नाची तिथी असेल तर उत्तम, कारण भूगावच्या रस्त्याला लागून किती मंगल कार्यालयं आणि लॉन्स आहेत हे त्या दिवशीच कळतं.

लवळ्यात सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आली, त्यामुळे मुळशी तालुक्याच्या या पट्ट्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक घरं शोधतात. कोथरूड परवडत नाही अशी कुटुंबंही त्यांच्याबरोबर असतात. भाडं कमी आणि झाडी जास्त, हे गणित बरोबरच आहे, फक्त अपुरं आहे.

पहिला प्रश्न हद्दीचा. बावधन बुद्रुक जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. भूगाव, भुकूम, पिरंगुट इथे मात्र ग्रामपंचायतच आहे आणि बांधकामाची परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) देतं. जाहिरातीत भूगावही ‘बावधनजवळ’ असतं आणि भुकूमही. त्यामुळे करपावती मागा. तिच्यावर महापालिका आहे की ग्रामपंचायत, ते बघा.

भाडेकराराचा खर्च एजंट ‘अमुक हजारांचं पॅकेज’ म्हणून एकरकमी सांगतो. त्याची फोड करून मागा. मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीतलं एकूण भाडं, अधिक अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. समजा भाडं २०,००० रुपये, अनामत ६०,००० आणि करार ११ महिन्यांचा. भाडं झालं २,२०,००० आणि व्याज ५,५००. त्यावर शुल्क पाचशे-सहाशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. दस्त हाताळणीचं शुल्क वेगळं. याच्या वर जे काही आहे ती एजंटची मजुरी, आणि तिच्यावर घासाघीस करता येते. नोटरीच्या कागदावर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला हे एकदा शांतपणे सांगून बघा. नोंदणीचा आळस बहुधा जातो.

आता पाणी, कारण खरा खर्च तिथे आहे. याच तालुक्यात टाटांचं मुळशी धरण आहे. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी घाट उतरून रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला जातं, आणि इकडे तालुक्याच्या पूर्व टोकाला सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर उभे राहतात. राम नदी भुकूमच्या खाटपेवाडीजवळ उगम पावते, पण त्याचा तुमच्या नळाशी संबंध नाही.

हिशेब साधा आहे. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा. चौघांच्या घराला महिन्याला १६,२०० लिटर लागतात, म्हणजे १०,००० लिटरचा एक टँकर पुरत नाही, दीडपेक्षा थोडं जास्तच. टँकरचा दर १,२०० रुपये धरला आणि सगळं पाणी विकतचं असेल, तर घरटी महिन्याला सुमारे १,९५० रुपये होतात. उन्हाळ्यात दर चढतो आणि बोअर आटते, तेव्हा हा आकडा आणखी वर जातो. म्हणून ‘पाणी कसं आहे?’ असं विचारू नका, उत्तर ‘भरपूर’ असंच येतं. एप्रिल-मे महिन्यांचं टँकर रजिस्टर कुठे असतं ते सुरक्षारक्षकाला विचारा आणि गाड्या मोजा. मग करारात एक ओळ घाला: टँकरचा जादा खर्च कोण देणार. देखभाल खर्च मालक भरतो असं ठरतं, आणि मे महिन्यात टँकरची वर्गणी आली की तोच मालक म्हणतो, ‘हे त्यात नव्हतं.’

प्रवासाचं गणितही हद्दीपाशी बदलतं. जून २०२५ च्या दरवाढीनंतर पीएमपी बसचा एक दिवसाचा पास पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत ७० रुपयांना आहे. हद्दीबाहेर, पीएमआरडीए क्षेत्रासाठी तोच १५०. पाच ते दहा किलोमीटरचं तिकीट २० रुपये. रोज फक्त एकदा जाऊन-येऊन असाल तर पंचवीस दिवसांचे १,००० रुपये होतात, मग १,५०० रुपयांचा मासिक पास कशाला? दुचाकीने भूगाव ते वनाज मेट्रो स्थानक केलं तर महिन्याचं पेट्रोल साधारण सातशे-आठशेचं. त्यात पार्किंग आणि १० ते ३५ रुपयांचं मेट्रो तिकीट मिळवा. चांदणी चौकातले नवे पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले, चौक सुटला. भूगावात मात्र तीच रांग. विद्यार्थ्यांनी आणखी एक बघावं: रात्री उशिरा लवळ्याहून परतायला रिक्षा मिळते का आणि ती मीटरने येते का.

सोसायटीच्या बिलात ‘बिनभोगवटा शुल्क’ अशी ओळ दिसेल. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल ते मालकाकडून घेतात, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते तुमच्याकडे ढकललं जात नाही ना, एवढं तपासा. महापालिका हद्दीत घरमालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. भाड्याने दिलं की ती जाते. भाडं वाढवताना मालक हे कारण सांगतो. कारण खरं आहे, पण वाढ किती ते त्या करपावतीवरूनच ठरवा.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के, घर फक्त महिलेच्या नावे असेल तर सहा. भूगाव-भुकूमला दर वेगळा असू शकतो, म्हणून नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकूनच आकडा काढा. जुना फ्लॅट घेताना सहकारी गृहनिर्माण संस्था हस्तांतराचं अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागू शकत नाही. त्यावर ‘विकास निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ मागितली, तर मागणी लेखी द्या म्हणा आणि तो कागद घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे जा. मात्र इमारतीत संस्था आहे की अपार्टमेंट असोसिएशन, हे आधी विचारून घ्या. असोसिएशनला ही मर्यादा लागू होत नाही, तिथे घोषणापत्र आणि उपविधी वाचावे लागतात.