श्रम ही वस्तू नव्हे

वाणिज्याच्या पुस्तकात आम्ही श्रमाला उत्पादनाचा एक घटक म्हणून शिकतो. त्या घटकालाही पोट असते, हे मला अमेरिकेच्या इतिहासाने शिकविले. १८९० चा शेरमन कायदा झाला तो मक्तेदार कंपन्यांना आवर घालण्यासाठी. पुढे १८९४ साली शिकागोच्या पुलमन रेल्वेडबे कारखान्याने मजुरी कापली, कंपनीच्या घरांचे भाडे मात्र तसेच ठेवले. कामगारांनी संप पुकारला. तेव्हा सरकारने न्यायालयात हाच कायदा कामगारांविरुद्ध पुढे करून मनाईहुकूम मिळविला आणि लष्करही धाडले. मानवी श्रम ही क्रयविक्रयाची वस्तू नव्हे, हे १९१४ च्या क्लेटन कायद्याने मान्य केले. पण कारखान्यांतील कामगारांच्या संघटनेला व सामुदायिक वाटाघाटींना भक्कम संरक्षण मिळाले ते १९३५ च्या वॅग्नर कायद्याने. म्हणून कायदा कोणासाठी झाला एवढेच पाहून भागत नाही. तो कोणावर चालविला जातो, हेही ताळेबंदाइतकेच बारकाईने तपासले पाहिजे.