पोरगं नोकरी सोडतो म्हणतंय, तेव्हा

काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात राधानगरी-दाजीपूरकडे पाहुण्यांची रीघ लागते. त्यांना ताटं वाढणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या हातांत आपल्या वस्तीतलेही हात असतात. दोन-तीन महिन्यांत एखादा घरी येऊन म्हणतो, "आई, मी सोडतो हे काम." मग घरात भांडण. आळशी, माजलाय, सगळं ऐकवून होतं.

आम्ही दवाखान्यात उभ्यानं नोकरी केली आहे, म्हणून सांगतो, आधी त्याचे पाय बघा. चालताना पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. एका जागी तासन्‌तास उभं राहिलं की रक्त खाली साठतं, घोटे सुजतात, शिरा निळ्या फुगतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पोरींना विचारा, कामावर लघवीला जाऊ देतात का? दाबून ठेवणं आणि पाणी टाळणं यातूनच जळजळ सुरू होते. केरळात दुकानांतल्या बायका बसायच्या हक्कासाठी लढल्या आणि 2018 साली तिथला कायदा बदलला. आपल्याकडे अजून स्टूल मागितलं तरी मालक डोळे वटारतो.

पगार कमी हे कारण असतंच. पण शिव्या खाऊन वर हसत राहायचं, यानं माणूस आतून थकतो. झोप उडते, घरच्यांवर चिडचिड होते. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली नोंद घेतली आहे. त्यात कुणी आडनाव विचारून पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला, तर?

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. ती नोकरी सुटली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं चहा घेतला. त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही.

मात्र रागानं एका रात्रीत सोडू नका. पगारातून ईएसआय कापत असतील, तर आधी उपचार करून घ्या. पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. राजीनामा लेखी द्या, पोच घ्या. पीएफ लगेच काढू नका, नव्या ठिकाणी तोच यूएएन नंबर द्या, कारण पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. अर्ज लिहिता येत नसेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात थांबा, बसून लिहू.